दुसऱ्याच्या कानावरून

"ब्लँक," मशीन म्हणालं.

मी खालचा बाण दाबला. "ब्लँक." टॅब दाबली. "ब्लँक." काउंटरपलीकडे हत्तुरे मास्तर पेन्शन काढायला उभे होते. काय भालू, आज मशीन रुसलंय का, असं त्यांनी विचारलं. मी हसलो. हसत हसतच पुन्हा कळा दाबत राहिलो. एका कानात हेडफोन आणि दुसरा कान गिऱ्हाइकासाठी मोकळा, अशी माझी कामाची पद्धत. त्या दिवशी मोकळ्या कानाला मास्तरांच्या मागची रांग चुळबुळताना ऐकू येत होती आणि हेडफोनच्या कानात नुसतं ब्लँक, ब्लँक. शेवटी शेजारच्या काउंटरवरच्या घोडके बाईंनी मास्तरांना आपल्याकडे बोलावून घेतलं. पाठोपाठ अख्खी रांग तिकडे सरकली आणि माझ्यासमोर कुणीच उरलं नाही.

मी भालचंद्र नागटिळक, जन्मांध. तेव्हा बार्शीत एका सहकारी बँकेच्या शाखेत बचत खात्याच्या काउंटरवर होतो. आंधळ्याला बँकेत नोकरी म्हणजे दया, असं लोकांना वाटतं. माझ्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला तसं वाटायचं नाही. शाखेत माझी रांग सगळ्यांत आधी संपायची आणि त्याचा मला माज होता, खोटं कशाला बोलू? पडद्यावर जे येईल ते वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर असतं, ते माझ्या मशीनवर होतं. त्याचं नाव ओईर. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ 'ऐकणं'. बँकेची जुनी सिस्टीम साधी होती, नुसती अक्षरंच अक्षरं, त्यामुळे ओईर ती घडाघडा वाचायचं. आदल्या रविवारी बँकेनं सगळ्या शाखांत नवी सिस्टीम बसवली. दिसायला फार देखणी आहे, असं घोडके बाई म्हणाल्या. असेल बाबा देखणी. ओईरला तिच्यातली एकही चौकट वाचता येत नव्हती.

आमचे मॅनेजर रणदिवे साहेब वाईट माणूस नव्हते, म्हणून त्यांचं बोलणं जास्त लागलं. केबिनमध्ये बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, नागटिळक, तुम्ही निवांत बसा, पगार कुठं जात नाही. मग हळूच पुढचं सांगितलं. दसऱ्यानंतर हेड ऑफिसची माणसं येणार होती, प्रत्येकाला नव्या सिस्टीमवर काम करायला लावून बघणार होती. ज्याला जमणार नाही त्याचं काउंटर कायमचं जाणार. माझ्यासाठी जागाही ठरून गेली होती. दाराशेजारी पिण्याच्या पाण्याच्या टाकीजवळ एक खुर्ची टाकायची, तिथं बसून आलेल्या माणसाला सांगायचं, पैसे काढायला तिकडे जा, पासबुक भरायला इकडे.

मला पगाराची भीती नव्हतीच, खुर्चीची होती. आंधळ्या माणसाला बसवून ठेवणं जगाला फार सोपं जातं. लग्नात सगळे पंगत वाढायला पळतात आणि आपल्याला कुणीतरी खांद्याला धरून कोपऱ्यात बसवतं. बस रे भालू, तू बस. घरात कुणी गेलं तरी सगळ्यांना काम असतं आणि आपल्याला, तू बस. आयुष्यात एकच जागा अशी मिळाली होती जिथं मी बसलेला असायचो आणि लोक माझ्यासाठी उभे राहायचे. ती जाणार म्हटल्यावर माझ्या तोंडचं पाणी पळालं.

त्या संध्याकाळी घरी आलो आणि बायकोला, सुमित्राला, सांगितलं की हे दुरुस्त मीच करणार.

"तुम्ही?" ती म्हणाली. "ते परदेशातल्या माणसाचं आहे ना?"

होतं परदेशातल्या माणसाचंच. उरुग्वेतल्या एस्तेबान नावाच्या माणसानं ओईर लिहिलं होतं. पण ते ओपन सोर्स होतं. म्हणजे त्याच्या आतलं सगळं लिखाण इंटरनेटवर उघडं ठेवलेलं, कुणीही वाचावं, कुणीही सुधारावं. सुधारणा केली की ती एस्तेबानकडे पाठवायची. त्यानं तपासून मूळ लिखाणात घेतली की नवी आवृत्ती तयार होते आणि जगभरातल्या ओईर वापरणाऱ्या आंधळ्यांच्या मशीनवर ती आपोआप जाऊन बसते. पुण्याच्या शाळेतल्या एका दोस्तानं मला प्रोग्रॅमिंगचा नाद लावला होता आणि एकदोन बारीक दुरुस्त्या मी पूर्वी पाठवल्याही होत्या. एस्तेबाननं त्या घेतल्या होत्या. आभाराच्या यादीत माझं नाव आलं तेव्हा मी सुमित्राकडून पेढे आणवले होते.

नव्या सिस्टीमची सरावाची प्रत बँकेनं सगळ्यांना दिली होती. ती मेव्हण्याच्या लॅपटॉपवर चढवली आणि आम्ही नवरा-बायको कामाला लागलो. सुमित्रा घरी ब्लाउज शिवायची. एका बाजूला तिचं मशीन, दुसऱ्या बाजूला माझं. मी म्हणायचो, आता काय दिसतंय? ती टाके थांबवून बघायची, वर डावीकडे अकाउंट नंबरची चौकट, खाली नाव, तिच्या बाजूला निळं बटण. मी ते डोक्यात ठेवायचो आणि ओईरच्या आत हात घालून बघायचो की ही चौकट त्याला का सापडत नाही. काही जमायचं नाही. मी चिडायचो, ती माझ्यावर चिडायची, कुणाच्या तरी ब्लाउजची बाही उलटी लागायची. असे कितीतरी दिवस गेले. मला आतून वाटायला लागलं होतं की आपण उगाच शहाणपणा करतोय, खुर्ची काही चुकत नाही.

आणि एका दुपारी मी कळ दाबली आणि लॅपटॉप म्हणाला, "अकाउंट नंबर."

सुमित्राचं शिलाई मशीन थांबलं. मी पुन्हा दाबली. "नेम." पुन्हा. "बॅलन्स." मी उठून नाचायला लागलो आणि मांडी कपाटावर आपटली. तिनं मला धरून खाली बसवलं तेव्हा ती रडत होती, मीही रडत होतो. आता कसली काळजी नाही असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बँकेच्या संगणक विभागाला फोन केला आणि सगळं मुसळ केरात गेलं. तिथला माणूस सौजन्यानं बोलला. म्हणाला, तुम्ही घरी केलेलं बँकेच्या मशीनवर आम्हाला घालता येणार नाही, सुरक्षेचा प्रश्न आहे. ओईरची जी अधिकृत आवृत्ती त्यांच्या मुख्य पानावर येते, सगळ्या जगाला जाते, तेवढीच चालेल. मी म्हटलं, अहो, तीच दुरुस्ती त्यात येणारच आहे. ते म्हणाले, मग आली की घालू.

म्हणजे आता सगळं एस्तेबानवर. त्यानं तिकडे एक कळ दाबायची आणि माझी सुटका. मी दुरुस्ती पाठवली आणि वाट बघत बसलो. उत्तर नाही. आठवड्यानं अदबीनं विचारलं. उत्तर नाही. मग जरा घाईचं आहे असं लिहिलं, मग माझी नोकरी अडकलीय असं लिहिलं. शेवटी शेवटी तर मी नाक घासायचंच तेवढं बाकी ठेवलं होतं. बाकीच्यांच्या जुन्या दुरुस्त्या चाळल्या तेव्हा कळलं की गेल्या दोन वर्षांत त्यानं कुणाचंच काही घेतलेलं नाही. जपानमधला कुणी, ब्राझीलमधली कुणी, सगळ्यांच्या चिठ्ठ्या तशाच पडून होत्या. दसरा तोंडावर आला होता. बँकेत मी रोज वेळेवर जायचो, हेडफोन कानाला लावायचो आणि बंद मशीनसमोर बसायचो. गिऱ्हाईक लांबूनच नमस्कार करून घोडके बाईंकडे जायचं. कुणी तोंडावर काही बोलत नव्हतं, पण माझा आवाज आला की बोलणं थांबायचं ते मला ऐकू येत होतं.

मग मी चिडून लिहिलं. इंग्रजीत लिहिलं, पण डोकं अस्सल बार्शीचं होतं. लिहिलं की तुला जर हे करायचं नसेल तर तसं सांग, आम्ही आंधळे तुझ्या दारात भीक मागायला बसलेलो नाही. पाठवलं आणि सुमित्राला सांगितलं. होती नव्हती ती आशाही घालवली म्हणून सुमित्रानं मला फैलावर घेतलं.

त्याच संध्याकाळी एस्तेबानचा निरोप आला. बोलायला वेळ आहे का, असं विचारलं होतं. आमच्याकडे दिवेलागणीची वेळ, त्याच्याकडे सकाळ. फोनवर आवाज आला तो म्हाताऱ्या माणसाचा वाटला, पण वय विचारलं तर माझ्याहून लहान निघाला. त्याचं इंग्रजी मोडकं, माझंही मोडकं, त्यामुळे दोघंही सावकाश बोलत होतो. तो स्वतः डोळस होता. ओईर त्यानं बायकोसाठी लिहिलं होतं. ती आंधळी होती, शाळेत भूगोल शिकवायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली.

"मी ते उघडतो," तो म्हणाला, "आणि ते बोलायला लागलं की मला वाटतं आत्ता ती त्याच्याशी भांडेल. मला ते ऐकवत नाही. मी बंद करतो."

माझ्या डोक्यात बँक, दसरा, खुर्ची, सगळं जिथल्या तिथं होतं, ते काही गेलं नव्हतं. पण त्या माणसाला आता तू कळ दाब असं म्हणायला जीभ रेटेना. मग तोच म्हणाला, बाकीचे येतात आणि कंटाळून जातात, तू पुन्हा पुन्हा येतोस. किल्ल्या तूच घे. म्हणजे ओईर आता तूच सांभाळ. कुणाचं घ्यायचं, कुणाचं नाही, आवृत्ती कधी काढायची, सगळं तूच ठरव. मला आधी वाटलं माझी ऐकण्यात चूक झाली. मी दोनदा विचारून घेतलं.

"एकच गोष्ट सांगतो," तो म्हणाला. "आपलं काम आपणच पास करायचं नाही. मी सोळा आणे डोळस आहे, तरी माझं प्रत्येक काम तिच्या कानावरून गेल्याशिवाय मी बाहेर सोडलं नाही. तूही कुणाच्या तरी कानावरून जाऊ दे."

मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातंय! आयती तिजोरी उघडली होती.

दिलेला शब्द म्हणून मी ओईरच्या पानावर लिहिलं की ही दुरुस्ती कुणीतरी चालवून बघा, मला सोमवारच्या आत नवी आवृत्ती काढायची आहे. दसरा होऊन गेला होता आणि सोमवारी हेड ऑफिसची माणसं येणार होती. रविवार सकाळपर्यंत दोघातिघांनी बघितलं, छान चालतंय म्हणाले. मी जेवायच्या आधीच आवृत्ती तयार करून ठेवली. संगणक विभागातल्या माणसाला फोन करून ठेवला, तोही भला, सोमवारी शाखा उघडायच्या आत लांबूनच मशीनवर चढवतो म्हणाला. फक्त एक कळ दाबायची राहिली होती.

जेवण झालं आणि निरोप वाजला. इल्झे नावाच्या बाईचा होता, लाटव्हिया नावाच्या देशातल्या. तिनं लिहिलं होतं की मी इथं रुग्णवाहिकेच्या फोनवर बसते. लोक फोन करतात, मी पत्ता घेते, गाडी पाठवते. फोन आला की माझ्या पडद्यावर वेगळी खिडकी उघडते. घरच्या मशीनवर तुमची दुरुस्ती घालून बघितली. ती खिडकी उघडली की ओईर गप्प होतं. पुन्हा चालू करेपर्यंत गप्पच राहतं. कृपया ही आवृत्ती बाहेर सोडू नका.

मी तीनदा ऐकलं. मग जसं तिनं सांगितलं होतं तसं लॅपटॉपवर करून बघितलं. आमच्या बँकेच्या सिस्टीममध्ये काही बिघडत नव्हतं. पण दुसरी खिडकी उघडली आणि ओईर मुकं झालं. एकदा नाही, दर वेळी.

मी लगेच आत शिरून शोधायला लागलो की कुठं अडकतंय. एक सोडवलं की दुसरं अडायचं. दुपार टळून गेली तरी सुटेना. माझ्यापुरती वेगळी आवृत्ती काढली तर बँक घेणार नाही, जगाला जाते तीच हवी. रणदिवे साहेबांना फोन केला, तारीख पुढं ढकलता येईल का. ते म्हणाले, माझ्या हातात नाही हो, गाडी सोलापुरातून निघालीसुद्धा, रात्री मुक्कामाला येतायत.

सुमित्रा स्वयंपाकघरातून येऊन समोर बसली.

"दाबा ती कळ," ती म्हणाली.

मी तिला इल्झेचं सांगितलं. तिला आधीच माहीत होतं, लॅपटॉप मोठ्यानं बोलत होता.

"एक दिवसासाठी दाबा. उद्या तुमचं झालं की परवा मागं घ्या."

"ते आपोआप सगळीकडे जातं, सुमे. उद्या सकाळी तिच्या ऑफिसातल्या मशीनवर असेल. फोन येईल आणि तिला काही ऐकू येणार नाही."

"मग ती दुसऱ्या कुणाला तरी देईल फोन. तिथं काय ती एकटीच असेल?"

"असेल किंवा नसेल. आणि फक्त तीच आहे असं कुठंय? बाकीच्यांनी सांगितलं नाही म्हणजे त्यांना माहीतच नसेल."

"ती आपली कोण लागते हो?" सुमित्राचा आवाज चढला. "मी दोन महिने डोळे फोडून घेतले तुमच्या त्या चौकटी वाचून. गिऱ्हाइकं तोडली. उद्या तुम्हाला त्या टाकीपाशी बसवतील आणि ती बाई तिकडे मजेत असेल. एकदा तरी स्वतःचं बघा की!"

तिचं काही चुकत नव्हतं. मी कळीवर बोट ठेवलं. खरंच ठेवलं होतं. मला दाबायची होती. त्या क्षणी मला त्या इल्झेचा इतका राग आला की सांगता सोय नाही. कुठली कोण बाई, हिला आजच बघायचं होतं? उद्या बघितलं असतं तर? पण तिनं बघितलं होतं आणि मी ऐकलं होतं. मला त्या ब्लँकचा आवाज माहीत होता. गिऱ्हाईक समोर उभं आणि कानात काहीच नाही, म्हणजे काय होतं ते मला माहीत होतं. माझ्याकडे मास्तर पेन्शनसाठी उभे होते. तिच्याकडे कुणाचा तरी बाप दारात पडलेला असणार.

मी बोट काढलं. सुमित्रा उठून आत गेली. नंतर तिनं पोळ्या लाटायला घेतल्या त्याचा आवाज आला, नेहमीपेक्षा जोरात.

सोमवारी दोन अधिकारी आले. एक पुरुष होता, तो कमी बोलायचा. दुसऱ्या मॅडम, आवाजावरून पन्नाशीच्या, बोलणं नेमस्त. माझा नंबर आला. त्यांनी माझ्या समोर एक पैसे काढायची स्लिप वाचून दाखवली, खातं अमुक, रक्कम अमुक, द्या करून. मी हेडफोन लावला. "ब्लँक." मी कळा पाठ करून आलो होतो. एवढ्यांदा टॅब म्हणजे खाते क्रमांक, मग एवढ्यांदा म्हणजे रक्कम. टाकत गेलो. मध्येच मशीननं टिंग केलं. काहीतरी उघडलं होतं. काय उघडलं, काय विचारतंय, कुणास ठाऊक. एंटर दाबलं असतं तर कदाचित सगळं सुरळीत झालं असतं. कदाचित कुणाच्या तरी तिसऱ्याच्या खात्यातून पैसे गेले असते. माझ्या मागं सगळी शाखा श्वास रोखून उभी होती. मी हात मागं घेतले.

"नाही जमत," मी म्हणालो.

मॅडम म्हणाल्या, आणखी किती दिवस लागतील? त्या मनापासून विचारत होत्या. मी म्हटलं असतं आठ दिवस, तर त्यांनी दिलेही असते बहुतेक. पण आदल्या दिवशी दुपारभर मी त्या गाठीशी झुंजलो होतो आणि ती कशी सुटेल हेच मला कळलं नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हणालो.

शेरा पडला: नव्या प्रणालीवर काम करण्यास असमर्थ. रणदिवे साहेबांनी मला तो वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी माझं लॉगिन बंद झालं. माझा हेडफोन घोडके बाईंनी डब्यात घालून माझ्या हातात दिला. दुपारी मी पाण्याच्या टाकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसलो. सुमित्रानं घरी एका शब्दानंही मला टोकलं नाही, ते मला जास्त जड गेलं.

ती गाठ सुटली, पण पुढं कितीतरी दिवसांनी. इल्झे ड्यूटी करून घरी आली की बसायची, मी बँकेतून आलो की बसायचो. ती म्हणायची अजून गप्प होतंय, मी पुन्हा आत शिरायचो. शेवटी एक दिवस तिचा निरोप आला: बोलतंय. मी आवृत्ती काढली. बँकेच्या संगणक विभागानं सगळ्या शाखांतल्या मशीनवर ती चढवलीसुद्धा. मी हेड ऑफिसला अर्ज केला की आता माझं पुन्हा बघा. उत्तर आलं की चाचणी एकदाच असते. पुढं मॅनेजर बदलत गेले. दर नव्या मॅनेजरला मी एकदा सांगून बघायचो, ते बघू म्हणायचे. मग सांगणंही सोडलं. दिवसा मी लोकांना रांग दाखवायचो आणि संध्याकाळी घरी ओईरचं काम करायचो. जपानच्या माणसाची चिठ्ठी निकालात काढली, ब्राझीलच्या बाईची काढली. शाखेत यातलं कुणाला काही माहीत नव्हतं. सांगून काय सांगणार? बँकेचा कॉम्प्युटर न जमलेला माणूस घरी जगाचे कॉम्प्युटर बोलते करतो, हे ऐकून लोक हसले असते.

बऱ्याच वर्षांनी, माझी निवृत्ती जवळ आली असताना, शाखेत एक मुलगी रुजू झाली. तृप्ती गवसाने. आंधळी. काठीचा आवाज टकटक करत आत आला आणि मी कान टवकारले. आता सिस्टीम बोलते म्हणून हेड ऑफिसनं तिला थेट बचत खात्याच्या काउंटरवर बसवलं होतं, म्हणजे माझ्याच. नव्या मॅनेजरनं तिला सगळ्यांची ओळख करून दिली. माझ्यापाशी आल्यावर म्हणाला, हे आपले नागटिळक, सीनियर आहेत. पूर्वी काउंटरलाच होते, पण यांना कॉम्प्युटर जमला नाही. तो काही वाईट हेतूनं म्हणाला नाही, त्याला तेवढंच सांगितलं गेलं होतं.

मी दिवसभर तिचं काम ऐकत बसायचो. झपाट्यानं करायची पोरगी. तिचीही एका कानाला हेडफोन लावायची सवय होती. तिची रांग सगळ्यांत आधी संपायची. मला बरं वाटायचं आणि हेवाही वाटायचा, दोन्ही एकदम.

एका शनिवारी काम आटोपल्यावर ती काठी टेकत माझ्याकडे आली.

"सर, राग येणार नसेल तर एक सांगू?" ती म्हणाली. "तुमच्या वेळी नसेल, पण आता एक फार चांगलं सॉफ्टवेअर आहे. ओईर म्हणून. फुकट आहे. सगळं वाचतं. तुम्हाला पण जमेल सर, खरंच. मी शिकवते."

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. इल्झे, एस्तेबान, सुमित्राच्या चौकटी. पण ती इतकी जपून बोलली होती, मला वाईट वाटू नये म्हणून इतकी धडपडत होती, की ते सगळं मी गिळलं.

"शिकव," मी म्हणालो.

तिनं माझा हात धरून मला काउंटरवर नेलं. खुर्ची मागं ओढून दिली. मी बसलो. तिनं हेडफोन माझ्या कानाला लावला, कीबोर्डवर माझं बोट नेऊन ठेवलं आणि म्हणाली, घाबरू नका सर, काही बिघडत नाही, दाबा.

मी दाबलं.

"अकाउंट नंबर," मशीन म्हणालं.

माझं बोट कळीवर तसंच राहिलं. तृप्तीला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही, म्हणून तिनं माझं बोट धरून तीच कळ पुन्हा दाबली.